भिरुडाची मादी : वर्णन कुठपर्यंत न्यावे?

वर्णनकार : आंब्याच्या खोडात बोगदे करणारी, पाय नसलेली, पिवळट पांढरी जाड अळी कोकणात भिरूड म्हणून ओळखली जाते. तिचा प्रौढ भुंगेरा म्हणजे बाटोसेरा रुफोमॅक्युलाटा. तो लांबशिंगी भुंगेऱ्यांच्या सेरांबिसिडी कुलातला आणि त्या कुलातल्या लॅमिइनी या सर्वांत मोठ्या उपकुलातला. स्वीडनच्या दे गेर यांनी 1775 मध्ये या जातीला नाव दिले. भुंगेरा तीन ते साडेपाच सेंटिमीटर लांब असतो. अंगावर राखी-तपकिरी लव, वक्षाच्या पाठीवर दोन तांबूस-नारिंगी डाग, ढालपंखांच्या मुळाशी मधोमध पांढरा ठिपका, खांद्यांवर एकेक काटा आणि त्यांच्या आसपास काळे चकचकीत दाणे, अशी त्याची ओळख सांगतात. मादीबद्दल यात एखाददुसऱ्या वाक्याची भर पडते. नराच्या शृंगिका शरीराहून बऱ्याच लांब व खालून काटेरी असतात, मादीच्या जेमतेम शरीराच्या टोकाशी येतात किंवा थोड्या पुढे जातात. नराचे पुढचे पाय लांब, मादीचे उदर रुंद. बहुतेक ग्रंथांत मादी इथेच संपते. खरे तर वर्णन इथून सुरू व्हायला हवे, कारण तिचे मादीपण ज्या अवयवांत आहे ते उदराच्या शेवटच्या खंडांत आत ओढून घेतलेले असतात. नमुन्याच्या पेटीतून पाहणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही.

शंकाकार : ग्रंथ तिथे थांबतात ते आळसाने नव्हे. लांबशिंगी भुंगेऱ्यांच्या 35 हजारांहून अधिक जातींना नावे दिली गेली आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त एकट्या लॅमिइनीतल्या आहेत. एवढ्या पसाऱ्यात वर्णनाचे पहिले काम एक जात दुसरीपासून वेगळी काढणे. ते काम बाहेरच्या डागांनी आणि शृंगिकांनी भागत असेल तर पोट फाडण्याची गरज कोणती? ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत गाहन यांचा लांबशिंगी भुंगेऱ्यांवरचा खंड 1906 मध्ये निघाला. त्यात लॅमिइनी आलेच नाहीत. पुढे स्टेफान फॉन ब्रॉयनिंग यांनी एकट्याने लॅमिइनींच्या हजारो जाती-उपजातींना नावे दिली, तीही बहुतांशी बाहेरून पाहून आणि मोजक्या ओळींत. त्या वर्णनांना कोणी कितीही नावे ठेवोत, ती नसती तर आज बोलायला जातीच नसत्या. मादीची अंतर्रचना प्रत्येक जातीत नोंदवायची म्हटले तर उरलेल्या जातींची नोंद व्हायच्या आधी त्यांची जंगले संपतील. आंब्याच्या भिरुडाला नाव मिळूनही अडीचशे वर्षे होत आली. त्याची मादी आतून कशी आहे हे न कळल्याने नेमके कोणाचे अडले?

वर्णनकार : अडले ते ओळख पटवणाऱ्यांचेच. बाटोसेराचे तांबडे डाग जिवंतपणी तांबडे असतात. मेलेल्या नमुन्यात ते फिके होत पिवळे, कधी पांढरट होतात. याच वंशातली बाटोसेरा रुबस ही लिनियसने 1758 मध्ये नोंदवलेली जातही भारतात आहे, आणि तिच्याही वक्षावर दोन डाग आहेत. जुन्या संग्रहांत या दोघींची सरमिसळ होणे अजिबात अवघड नाही. दुसरी अडचण नर-मादीतल्या फरकाची. ज्या लांबशिंगी भुंगेऱ्यांत हा फरक ठळक आहे तिथे एकाच जातीच्या नराला एक आणि मादीला दुसरे नाव मिळाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. म्हणजे जी सोय म्हणून बाहेरची लक्षणे घेतली तीच अधूनमधून दगा देते.

आता आतली रचना क्रमाने पाहू. उदराच्या खालच्या बाजूला पाच फळ्या दिसतात. त्या तिसऱ्यापासून सातव्या खंडापर्यंतच्या. शेवटच्या दिसणाऱ्या फळीची मागची कड, तिच्यावरचे केस आणि बऱ्याच लॅमिइनी माद्यांत तिच्या मध्यावर असलेली उभी खाच ही बाहेरून दिसणारी शेवटची खूण. तिच्या आत आठवा खंड. त्याच्या खालच्या फळीपासून एक बारीक, कठीण दांडी पुढे छातीच्या दिशेने उदरात घुसलेली असते. या दांडीवर स्नायू बांधलेले असतात आणि त्यांच्या ओढीने पुढचा सगळा भाग आत-बाहेर होतो. त्यानंतर नवव्या खंडाचा अंडनिक्षेपक. ही घडीच्या छत्रीच्या दांड्यासारखी आपल्यातच सरकणारी नळी आहे. तिच्या भिंती पातळ पापुद्र्याच्या, पण लांबीभर कायटिनच्या सळ्यांनी ताठ केलेल्या असतात. वरच्या अंगाच्या सळ्या वेगळ्या, खालच्या वेगळ्या. टोकाला दोन पाळ्या आणि प्रत्येक पाळीवर एक छोटे बोंडासारखे उपांग. या बोंडांवर संवेदी केस असतात. अंधाऱ्या फटीत अंडे ठेवण्याआधी जागेची चाचपणी त्यांनी होते.

नळीच्या आत योनिमार्ग. त्याला लागून वरच्या बाजूला संगमकोश ही पातळ भिंतीची पिशवी, मीलनाच्या वेळी नराचा अवयव सामावून घेणारी. त्या पिशवीच्या आसपासच्या भागातून एक बारीक नलिका निघून शुक्रकोशाला मिळते. शुक्रकोश कठीण कायटिनचा, बहुधा बाकदार, आणि त्याला एक ग्रंथी जोडलेली. नराकडून आलेले शुक्राणू मादी इथे जपून ठेवते आणि अंडे खाली उतरताना थोडे थोडे सोडते. त्याच्याही आत दोन अंडकोश, प्रत्येकात अनेक अंडनलिका. या सगळ्यांत शुक्रकोशाचा बाक, त्याच्या नलिकेची लांबी व वळणे, बोंडांची जागा आणि आठव्या खंडाच्या दांडीची लांबी ही लक्षणे जातीगणिक वा वंशागणिक बदलताना आढळतात. जपानमध्ये 1989 पासून अकिको सायतो यांनी तिकडच्या लांबशिंगी भुंगेऱ्यांच्या मादी-अवयवांवर लेखमाला लिहिली, ती याच आधारावर.

शंकाकार : रचना सुरेख सांगितली, पण ती कशी मिळवली जाते हेही सांगायला हवे. कोरडा नमुना कोमट पाण्यात मऊ करतात, उदर सुटे करतात आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या साधारण दहा टक्के द्रावणात गरम करतात. स्नायू, चरबी, अंडकोश, ग्रंथींच्या पेशी, सगळे विरघळून जाते. उरते ते कायटिन. ते पाण्याने धुऊन, हवे तर रंगवून, ग्लिसरीनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली रेखाटतात आणि इवल्याशा कुपीत घालून त्याच भुंगेऱ्याच्या टाचणीला टोचून ठेवतात. पद्धत उत्तम आहे, पण तिच्यातून जे हाती येते ते मादीची शरीररचना नव्हे. दाहक द्रावणाला जे विरघळवता आले नाही त्याची ती यादी आहे. मघाच्या वर्णनात शुक्रकोशावर आणि सळ्यांवर जितका भर होता तितका अंडकोशावर नव्हता. तिथे ‘अनेक अंडनलिका’ एवढ्यावर काम भागले. अनेक म्हणजे किती? त्यांतली पिकलेली अंडी किती, रिकाम्या किती? कोरड्या नमुन्यातून या प्रश्नांना उत्तर नाही. म्हणजे नाव शरीररचनेचे आणि निवड रसायनाची. नराच्या बाबतीत ही निवड फारशी बाधत नाही, कारण त्याचा जोडणीचा मुख्य अवयव कठीणच असतो. मादीच्या बाबतीत मात्र महत्त्वाचा निम्मा भाग मऊ आहे, आणि पद्धत नेमका तोच टाकून देते.

वर्णनकार : हा आक्षेप पूर्णपणे मान्य करण्याजोगा आहे. इतकेच नव्हे, याच भुंगेऱ्यात तो सर्वांत जास्त लागू पडतो. आपल्याकडच्या कृषीविषयक लिखाणात या मादीबद्दल एक तपशील पुन्हा पुन्हा येतो : ती सालीच्या चिरेत एकेक अंडे घालते आणि त्यावर चिकट द्रवाचा लेप देते. हा द्रव कुठल्या ग्रंथीतून येतो, ती ग्रंथी योनिमार्गात कुठे उघडते, हे पोटॅशमधून काढलेल्या नमुन्यात शोधणे व्यर्थ. आणि हा तपशील किरकोळ नाही. जपानमध्ये पाइनच्या झाडांवर जगणारा मोनोकॅमस आल्टर्नेटस हाही लॅमिइनीच. त्याची मादी अंड्याबरोबर चिरेत जेलीसारखा स्राव सोडते, आणि त्या स्रावामुळे दुसऱ्या माद्या त्या चिरेत अंडे घालायचे टाळतात असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे मादी तिथे एक प्रकारची पाटी लावून जाते. भिरुडाच्या मादीचा लेप नुसते झाकण आहे की असाच काही निरोप, हे ठरवायचे तर आधी ग्रंथी सापडायला हवी.

म्हणून शरीररचनेचे वर्णन दोन तऱ्हांच्या नमुन्यांवर उभे राहिले पाहिजे. एक कोरडा, पोटॅशमधून साफ केलेला, कठीण भागांसाठी. दुसरा ताजा, मिठाच्या सौम्य द्रावणात उघडलेला किंवा अल्कोहोलमध्ये ठेवलेला, मऊ भागांसाठी. हल्ली क्ष-किरणांच्या सूक्ष्म त्रिमितीय चित्रणाने उदर न फाडताही बराचसा भाग जागच्या जागी पाहता येतो. मऊ भागांकडे पाहिल्याने काय हाती लागते याचा जुना दाखला याच कुलात आहे. लेप्ट्युरिनी उपकुलातल्या माद्यांच्या अंडनिक्षेपकाशी खंडांमधल्या जागेत लहान पिशव्या असतात आणि त्यांत यीस्ट साठवलेले असते. अंडे बाहेर पडताना त्यावर ते माखले जाते, अळी बाहेर येताना अंड्याचे कवच खाते आणि यीस्ट तिच्या आतड्यात पोचते. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात जर्मन संशोधकांनी हे उलगडले. लॅमिइनींत अशा पिशव्या नसतात असेच आजवरचे निरीक्षण आहे. पण ‘नाही’ असे लिहायलाही कोणीतरी त्या त्या जातीत पाहिलेले असावे लागते.

शंकाकार : इथे एक वेगळी गफलत होते आहे. अंडनिक्षेपकाचे इतके बारकाईने वर्णन वाचून कोणाचीही समजूत होईल की ही मादी त्या अवयवाने झाडाला भोक पाडते. प्रत्यक्षात लॅमिइनी माद्या साल कुरतडतात ती जबड्यांनी. आधी तोंडाने चीर किंवा खळगा करायचा, मग उलटे फिरायचे आणि उदराचे टोक त्या चिरेत घालायचे. प्रायोनिनी किंवा सेरांबिसिनी उपकुलांतल्या बऱ्याच माद्या आयत्या फटीत लांब नळी घालून अंडी ठेवतात. तिथे नळीचे वर्णन म्हणजे अंडी घालण्याच्या क्रियेचे वर्णन, असे म्हणणे एक वेळ चालेल. भिरुडाच्या मादीबाबत ते चालत नाही. तिचे खरे हत्यार डोक्याला आहे. पण ‘मादीची शरीररचना’ या मथळ्याखाली जे लिहिले जाते ते नेहमी उदराच्या टोकापुरते असते. यावरून असे दिसते की मथळा कामावरून ठरलेला नाही. नराच्या लैंगिक अवयवांचे वर्णन आधीपासून होत आले, त्याला जोडीचे म्हणून मादीचे घेतले, एवढेच.

वर्णनकार : या मुद्द्यावर माघार घ्यावी लागेल, आणि ती फायद्याची आहे. लॅमिइनींचा चेहरा सपाट, कपाळ जवळजवळ सरळ खाली उतरणारे आणि तोंड खालच्या दिशेला वळलेले असते. इतर बऱ्याच लांबशिंगी भुंगेऱ्यांत तोंड पुढे रोखलेले असते. खोडाला चिकटून बसलेल्या मादीला पायाखालची साल कुरतडायची तर खाली वळलेले तोंड सोयीचे, असा तर्क करता येतो. मात्र नराचा चेहराही तसाच असतो आणि दोघेही कोवळ्या फांद्यांची साल खातात, तेव्हा हा चेहरा अंडी घालण्यासाठीच घडला असे म्हणता येणार नाही. जबड्यांची धार, त्यांना हलवणाऱ्या स्नायूंचा आकार आणि डोक्याची रुंदी नर-मादीत मोजून पाहिली तर काही सांगता येईल. मादीचे वर्णन डोक्यापासून सुरू व्हावे ही सूचना मोठी आहे. जबडा आणि अंडनिक्षेपक यांची मापे शेजारी शेजारी ठेवली तर एक चांगला प्रश्न उभा राहतो : मादीने केलेल्या चिरेची खोली आणि तिच्या नळीची बाहेर येणारी लांबी यांचा मेळ बसतो का?

शंकाकार : मग वर्णनाला सीमा कुठे? डोके आले म्हणजे सालीची चव घेणारी मुखांगे आली, खोडाची निवड करायला वास घेणाऱ्या शृंगिका आल्या, रात्री खोडावर चढणारे पाय आले. मादीची शरीररचना म्हणता म्हणता सबंध कीटक आला. ही वाढती यादी कोणी पुरी करणार नाही, आणि पुरी न झालेल्या यादीपेक्षा चार खात्रीच्या ओळी बऱ्या. शिवाय मादीकडे दुर्लक्ष झाले ही तक्रारही जरा तपासून घ्यावी. शार्प आणि म्यूर यांचा भुंगेऱ्यांच्या नर-अवयवांवरचा मोठा प्रबंध 1912 चा. टॅनर यांचा माद्यांवरचा अभ्यास 1927 चा. पंधरा वर्षांचे अंतर म्हणजे काही शतकांचे मौन नव्हे. नराचा अवयव कठीण, काढायला सोपा आणि जातीजातींत ठळकपणे वेगळा. मादीचा मऊ, सुरकुतणारा, काढताना फाटणारा. काम करणारा माणूस सोपा मार्ग आधी धरतो. त्यात पूर्वग्रह शोधायची घाई का?

वर्णनकार : सोपा मार्ग आधी धरला यात दोष नाही. तो सोपा म्हणून तोच खरा ठरला, तिथे दोष आहे. 2014 मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’त एक आढावा प्रसिद्ध झाला. प्राण्यांच्या जननेंद्रियांच्या उत्क्रांतीवरचे पंचवीस वर्षांतले साडेतीनशेहून अधिक शोधनिबंध त्यात तपासले होते. त्यांतले जवळजवळ निम्मे फक्त नरांवर होते, फक्त माद्यांवरचे शेकडा आठ. हे आकडे भुंगेऱ्यांपुरते नाहीत, पण कल कळतो. आणि त्या काळात मऊ भाग पाहण्याची साधने नव्हती असे तर नाही.

या दुर्लक्षामुळे सिद्धान्तही लंगडे राहिले. लेऑं द्युफूर यांनी 1844 मध्ये कुलूप-किल्लीची कल्पना मांडली. प्रत्येक जातीच्या नराचा अवयव त्याच जातीच्या मादीत बसतो, म्हणून संकर टळतो. दीडशे वर्षे लोकांनी किल्ल्या मोजल्या, कुलपे क्वचित उघडून पाहिली. पुढे विल्यम एबरहार्ड यांनी 1985 च्या ग्रंथात मादीच्या निवडीचा मुद्दा पुढे आणला : मीलन झाले म्हणजे पितृत्व ठरले असे नाही, कोणाचे शुक्राणू वापरायचे यावर मादीच्या शरीराचाही ताबा असतो. लांबशिंगी भुंगेऱ्यांत याचा पुरावा सॅकोथिया हिलारिसमध्ये मिळतो. तुती आणि अंजिरावरचा हा पिवळ्या ठिपक्यांचा लॅमिइनी. 1990 मध्ये जपानमधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की नर आपल्या अवयवाने मादीच्या शुक्रकोशातले आधीच्या नराचे शुक्राणू बाहेर काढतो आणि मगच आपले सोडतो. आता शुक्रकोशाची नलिका किती लांब, किती वळणांची, हा प्रश्न नुसत्या ओळखीचा राहत नाही. नराला तिथपर्यंत पोचू द्यायचे की नाही, हे त्या नलिकेवर अवलंबून असते.

शंकाकार : हेच उदाहरण उलट बाजूनेही वाचता येते. सॅकोथियातली ती गोष्ट नलिकेचे चित्र काढून कळली नाही. मीलने पाहून, ती मध्येच थांबवून, कोणत्या टप्प्यावर शुक्रकोशात काय आहे हे तपासून कळली. नुसत्या वळणदार नलिकेवरून ‘मादी नराला अडवते’ असे म्हणणे म्हणजे कोऱ्या कागदावर गोष्ट लिहिणे. वळण जागेच्या टंचाईने पडू शकते, उदर अंड्यांनी भरले की आतले अवयव सरकतात, अल्कोहोलमध्ये पापुद्रे आकसतात. संगमकोशाचा आकार कुमारिका मादीत वेगळा आणि मीलन झालेल्या मादीत वेगळा दिसणे अगदी शक्य आहे. तरीही प्रसिद्ध होणाऱ्या वर्णनांत बहुधा एका मादीचे एक चित्र असते, आणि खाली लिहिलेले असते ‘या जातीची मादी’. एका व्यक्तीवरून जातीबद्दल बोलण्याचा हा परवाना बाहेरच्या लक्षणांत चालून जातो, कारण शेकडो नमुने पेटीत शेजारी असतात आणि चूक लगेच उघडी पडते. आतल्या लक्षणांत ती पडत नाही, कारण पुढचा माणूस पुन्हा तीच मादी उघडत नाही, तेच चित्र उद्धृत करतो.

ओळख पटवायचीच असेल तर आता जनुकीय मार्ग आहे. मायटोकाँड्रियातल्या एका जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचला की नर, मादी, अळी, अगदी तुटलेला पायसुद्धा जातीला जोडता येतो. खोडातून तारेने ओढून काढलेल्या भिरुडाला ना लांब शृंगिका असतात ना शुक्रकोश. तिची जात ठरवायला तोच मार्ग.

वर्णनकार : जनुकीय तुकडा नाव जुळवतो, पण ज्या नावाशी जुळवतो ते आधी एखाद्या शरीराला दिलेले असते. 1775 च्या नमुन्यापाशी परत जायचे तर शरीरच पाहावे लागते. तुकड्याला आणखी एक मर्यादा आहे. ही मादी साल कशी चिरते, किती खोल, अंडे किती मोठे, लेप कसला, यातले काही तो सांगत नाही. आणि ही जात जिथे जिथे गेली तिथे हेच प्रश्न महत्त्वाचे ठरले. भारतात आंबा, अंजीर, फणस, सावर अशा कितीतरी झाडांवर ती जगते. पश्चिमेला इस्राएलमध्ये तिने अंजिराच्या बागांचे मोठे नुकसान केले आहे, कॅरिबियन बेटांवरही ती पोचली आहे. जाड सालीच्या आंब्यात आणि पातळ सालीच्या अंजिरात एकाच लांबीची नळी काम करते, हे नोंदवण्याजोगे आहे. कोकणातला बागायतदार आज करतो काय? खोडाशी भुसा दिसला की छिद्र शोधतो, तारेच्या आकड्याने अळी काढतो, औषधाचा बोळा घालतो, चिखलाने तोंड बंद करतो. हा सगळा उपाय अंडे उबल्यानंतरचा. अंडे घालण्याच्या टप्प्यावर रोखायचे तर मादीचे शरीर माहीत हवे.

शंकाकार : बागायतदाराला मध्ये आणणे हा अशा लेखनाचा नेहमीचा आधार, आणि बहुतेक वेळा तो पोकळ असतो. शुक्रकोशाचा बाक कळल्याने एकही आंबा वाचलेला नाही. खोडाला लेप द्यावा, जखमा उघड्या ठेवू नयेत, पावसाळ्यात बाहेर येणारे भुंगेरे दिव्यावर धरावेत, हे शहाणपण मादीचे उदर न उघडता आलेले आहे. शरीररचना हे ज्ञान आहे, त्याला उपयोगाची फळी लावून उभे करू नये. फळी सरकली की तेही पडते.

पण या चर्चेतून एक गोष्ट स्पष्ट झाली, आणि ती सुरुवातीच्या शंकेपेक्षा अडचणीची आहे. मादीचे वर्णन करावे की नाही हा वाद मागे पडला. आता वाद असा की एका मादीचे, कोरड्या नमुन्यावरून केलेले, कठीण भागांपुरते वर्णन प्रसिद्ध करावे का. ते नसण्यापेक्षा बरे असे एक उत्तर. ते असल्यामुळे पुढचे वर्णन होत नाही, जागा भरलेली दिसते, असे दुसरे. शंका दुसऱ्या बाजूला झुकते.

वर्णनकार : वर्णन पहिल्या बाजूलाच उभे राहील, पण अटी घालून. चित्राखाली नमुन्यांची संख्या लिहावी, ती एक असली तर एक असेच लिहावे. कोणत्या झाडावरून, कोणत्या महिन्यात, जिवंत धरलेली की दिव्याखाली मेलेली सापडलेली, हे लिहावे. उदरात पिकलेली अंडी होती का, हे पोटॅशमध्ये टाकण्याआधी पाहून लिहावे. नळीची लांबी आत ओढलेल्या व बाहेर काढलेल्या अशा दोन्ही स्थितींत मोजावी. जबड्यांची मापे त्याच तक्त्यात द्यावीत. आणि जे मऊ भाग पाहिले नाहीत त्यांची नावे घेऊन ‘पाहिले नाहीत’ असे छापावे. इतके केले की रिकामी जागा रिकामी दिसेल, भरलेली वाटणार नाही.

शंकाकार : इतक्या अटी पाळून लिहिलेले वर्णन महिनोन्‌महिने घेईल, आणि तोवर पेटीतल्या शंभर जाती बिनवर्णनाच्या राहतील. त्या किमतीला उत्तर मिळालेले नाही.

वर्णनकार : नाही मिळाले. ती किंमत मोजावी लागेल, निदान ज्या जाती रोज हाताशी येतात त्यांच्यासाठी तरी. दुर्मीळ जातीची एकच मादी संग्रहात असेल तर ती उघडायची की जपायची, हा पेच खरा आहे. भिरुडाबाबत असा पेच नाही. डेहराडूनची वन संशोधन संस्था, कोलकात्याचे भारतीय प्राणी सर्वेक्षण, दिल्लीचा पुसा संग्रह इथले बहुतेक जुने भुंगेरे टाचणीवर वाळवलेले आहेत. त्यांतून कठीण भाग मिळतील, ग्रंथी मिळणार नाहीत. त्या ताज्या मादीतच मिळतील, आणि ताजी मादी कोकणात दर पावसाळ्यात दिव्याशी येते. आंब्याच्या बागेत राहणाऱ्यांनी आणि कृषी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी आखूड शृंगिकांचा, रुंद पोटाचा भुंगेरा सापडला तर तो टाचणीवर न वाळवता सत्तर टक्के अल्कोहोलच्या बाटलीत ठेवावा. तारीख, गाव आणि झाडाचे नाव पेन्सिलीने कागदाच्या तुकड्यावर लिहून तो तुकडा बाटलीच्या आतच टाकावा. शाईचे अक्षर अल्कोहोलमध्ये पसरते.